चूक कोणाची, पैसे कोणाचे?

मनीऑर्डरचा फॉर्म ज्यांनी हाताने भरला आहे त्यांना आठवत असेल, खिडकीपलीकडचा कारकून पत्ता पुन्हा पुन्हा विचारायचा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, बापाचे नाव. आपल्याला तो खवचटपणा वाटे; पण पत्ता चुकला तर काय, याचे उत्तर सरकारने कायद्यातच लिहून ठेवले होते.

आपल्याकडे पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली 1880 साली. गिरणगावातल्या खोल्यांमधून रत्नागिरीला, साताऱ्याला घर चालले ते तिच्यावर. 1898 च्या पोस्ट कायद्याचे 48 वे कलम असे सांगे, की पाठवणाऱ्याने नाव-पत्ता चुकीचा किंवा अपुरा दिला आणि पैसे भलत्यालाच मिळाले, तर सरकारवर दावा लावता येणार नाही. एवढेच नाही, कर्मचाऱ्याच्या हातून अनवधानाने उशीर झाला, तरी दावा नाही. लबाडी सिद्ध झाली तरच दाद. हा कायदा 2024 च्या जूनपर्यंत टिकला, त्यानंतर 2023 चा नवा पोस्ट कायदा लागू झाला.

गंमत अशी, की आपली जुनी हुंडी याबाबत जास्त कडक होती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यायचे, आणि पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे परत करायचे त्या शाहानेच. चूक झाली तर कोणाचे दार ठोठवायचे, हे व्यवहाराआधीच ठरलेले असे.

बँकांच्या बाबतीत न्यायालये ग्राहकाच्या बाजूने बरीच ठाम राहिली. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात मंगळूरच्या कंपनीतल्या हिशेबनिसानेच खोट्या सह्या करून 42 चेक वटवले होते. रक्कम सव्वातीन लाखांच्या वर. बँक म्हणाली, पासबुक वेळच्या वेळी मिळत होते, मग इतकी वर्षे गप्प का? सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये हे मान्य केले नाही. खोट्या सहीचा चेक म्हणजे ग्राहकाचा आदेशच नव्हे, आणि पासबुक तपासत बसणे हे ग्राहकाचे कायदेशीर कर्तव्य नव्हे.

पण चेक खरा, सही खरी, आणि पैसे मात्र भलत्याच खात्यात गेले तर? या प्रश्नाचा सर्वांत मोठा खटला आपल्या मुंबईतच झाला. 1992 चा रोखे घोटाळा म्हटले की लोकांना हर्षद मेहता आणि शेअर बाजार आठवतो. मला त्यातला चेकचा भाग जास्त बोलका वाटतो. नॅशनल हाउसिंग बँकेने काढलेले सुमारे 506 कोटी रुपयांचे चेक होते. त्यांवर नाव होते एएनझेड ग्रिंडलेज बँकेचे. म्हणजे एका बँकेने दुसऱ्या बँकेला दिलेले पैसे. ग्रिंडलेजने ते जमा केले आपल्या एका ग्राहकाच्या खात्यात. हा ग्राहक म्हणजे हर्षद मेहता.

चेकवर त्याचे नाव नाही, खाते क्रमांक नाही. मग ते पैसे त्याचे कसे झाले? त्या काळी सरकारी रोख्यांचे सौदे दलालांमार्फत चालत, आणि बँकेच्या नावाचा चेक दलालाच्या खात्यात घालण्याची वहिवाट बाजारात पडली होती. सगळेच करतात, हा बचाव! पगाराचा चेक शेजाऱ्याच्या खात्यात गेला आणि बँकेने वहिवाट सांगितली, तर आपण ऐकून घेऊ का?

पुढची लढाई दहा वर्षे चालली. मार्च 1997 मध्ये लवादाने ग्रिंडलेजच्या बाजूने निवाडा दिला आणि हाउसिंग बँकेने व्याजासह 912 कोटी रुपये ग्रिंडलेजला दिले. 1998 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विशेष न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात, 2000 साली, एएनझेडने ग्रिंडलेज बँक स्टँडर्ड चार्टर्डला विकली. 31 डिसेंबर 2001 रोजी हर्षद मेहता कोठडीत असतानाच वारला, आणि लगेच जानेवारी 2002 मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. व्याजासह 1,645 कोटींपैकी हाउसिंग बँकेला 1,025 कोटी, एएनझेडला 620 कोटी. वकील सुटले, बँका सुटल्या. पण प्रश्नावर अखेरचा शब्द सर्वोच्च न्यायालयाकडून मिळायचा तो राहूनच गेला. माझ्या मते हे आपले नुकसान आहे.

कारण दोनच वर्षांनी, मार्च 2004 मध्ये आरटीजीएस आले, 2005 च्या नोव्हेंबरात एनईएफटी आले आणि चेकची जागा आकड्यांनी घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला नाव आणि खाते क्रमांक जुळवून मगच पैसे जमा करावेत, अशी बँकांकडून अपेक्षा होती. पण एकच नाव दहा प्रकारे लिहिले जाते, जुळवायला माणूस लागतो. ऑक्टोबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले: 1 जानेवारी 2011 पासून केवळ क्रमांकावर पैसे जमा करता येतील, आणि तो बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. मला यात ते 48 वे कलमच पुन्हा दिसते. फरक एवढाच, की खिडकीत दोनदा विचारणारा कारकून उरला नाही.

मुलुंडच्या एखाद्या बाईंनी चिपळूणला भावाला वीस हजार पाठवले आणि एक आकडा चुकला, तर आज काय होते? बँक समोरच्या खातेदाराला विनंती करते. त्याच्या संमतीशिवाय त्याचे खाते तिला सहसा कापता येत नाही. मात्र 1872 च्या करार कायद्याचे 72 वे कलम त्याला बांधते: चुकीने मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. त्यासाठी दिवाणी दावा लावायचा बाईंनी, वीस हजारांसाठी!

चूक बँकेची असेल तर गोष्ट वेगळी. जुलै 2017 च्या परिपत्रकाने, बँकेच्या हलगर्जीमुळे ग्राहकाच्या संमतीवाचून इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला तर ग्राहकावर शून्य जबाबदारी ठेवली. बँकेकडून 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि उपनगरवासीयांसाठी वांद्र्याचे ग्राहक न्यायालय आहेच.

डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल टाकले. 1 एप्रिल 2025 पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीमध्येही पैसे सोडण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करा, असे बँकांना सांगितले. 2011 साली बाजूला पडलेले नाव चौदा वर्षांनी पडद्यावर परत आले. आता ते वाचायचे पाठवणाऱ्यानेच, बटण दाबण्याआधी.