पुयोल, कार्लेस

पुयोल, कार्लेस : (१३ एप्रिल १९७८ – ). विख्यात स्पॅनिश फुटबॉलपटू. बचावफळीतील खेळाडू आणि बार्सिलोना संघाचा दीर्घकाळचा कर्णधार. जन्म कॅटलोनियातील येइदा प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या परिसरातील ला पोब्ला दे सेगुर या लहानशा गावी. बालपणी गोलरक्षण करणाऱ्या या मुलास खांद्याच्या दुखण्यामुळे ती जागा सोडावी लागली; पुढे तो आघाडीस खेळू लागला आणि १९९५ मध्ये बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ या प्रशिक्षणशाळेत दाखल झाल्यानंतर मध्यफळीतून क्रमाक्रमाने मागे सरत अखेर बचावफळीत स्थिरावला. लुई व्हान खाल या डच प्रशिक्षकाच्या अमदानीत, २ ऑक्टोबर १९९९ रोजी वायादोलिद संघाविरुद्ध त्याने मुख्य संघातून पदार्पण केले.

त्याची पहिली खरी कसोटी लागली ती पुढील वर्षी. बार्सिलोनाचा लाडका लुईस फिगो प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला जाऊन मिळाला होता, आणि २१ ऑक्टोबर २००० रोजी तो काम्प नोऊ मैदानावर परतला तेव्हा प्रेक्षकांच्या संतापाला पारावार उरला नव्हता. अशा वेळी फिगोच्या बंदोबस्ताची कामगिरी बावीस वर्षांच्या पुयोलवर सोपविण्यात आली, आणि ती त्याने इतक्या निष्ठेने पार पाडली की फिगोचा प्रभाव पडलाच नाही. बार्सिलोनाने तो सामना २–० असा जिंकला.

त्याच्या अंगी नजाकत बेताचीच होती, उंचीही मध्यवर्ती बचावपटूच्या मानाने कमीच. परंतु चेंडूमागे झेपावण्याची तत्परता, हवेतील उसळी आणि शेवटच्या क्षणापर्यंत हार न मानण्याची वृत्ती यांच्या बळावर त्याने जे स्थान मिळविले, ते निसर्गदत्त प्रतिभेच्या अनेक खेळाडूंना लाभले नाही. शावी, इनिएस्ता आणि मेस्सी या त्याच्या संघसहकाऱ्यांच्या लयबद्ध खेळाची वाखाणणी जगभर होते व ती रास्तच आहे. तथापि संघ सर्वस्वी पुढे सरकला असता मागे उरलेले विस्तीर्ण मोकळे मैदान राखण्याची जोखीम पुयोल व त्याचे सहकारी उचलीत होते, हे त्या स्तुतीत बहुधा विसरले जाते.

लुईस एनरिकेच्या निवृत्तीनंतर २००४ मध्ये कर्णधारपद त्याच्याकडे आले, ते निवृत्तीपर्यंत कायम राहिले. त्याच्या काळात संघाने सहा वेळा स्पॅनिश साखळी स्पर्धा आणि २००६, २००९ व २०११ मध्ये युरोपातील चँपियन्स लीग जिंकली. २०११ च्या विजयानंतर वेम्ब्ली येथे करंडक स्वीकारण्याचा मान कर्णधाराचा असताना, त्याने तो यकृतातील गाठीवरील शस्त्रक्रियेतून नुकत्याच सावरलेल्या सहकारी एरिक आबिदालला दिला. प्रतिस्पर्ध्याचा मान राखण्यासही तो तितकाच दक्ष असे: २०१२ मध्ये रायो वायेकानोवर ७–० असा विजय मिळत असताना गोलानंतर नाचू लागलेल्या स्वतःच्या सहकाऱ्यांना त्याने मैदानावरच आवरले.

स्पेनतर्फे तो १०० सामने खेळला. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) रौप्यपदक मिळविणाऱ्या आणि २००८ मध्ये युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघांत त्याचा समावेश होता. ७ जुलै २०१० रोजी दरबान येथे जर्मनीविरुद्धच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात, ७३व्या मिनिटास शावीने मारलेल्या कॉर्नरवर मागून धावत येऊन त्याने डोक्याने केलेला गोल हा त्या सामन्यातील एकमेव गोल ठरला. त्यायोगे प्रथमच अंतिम फेरी गाठलेल्या स्पेनने चार दिवसांनी नेदरलँड्सला हरवून विश्वचषक पटकावला.

गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०१२ च्या युरोपीय स्पर्धेस त्याला मुकावे लागले आणि त्यानंतर शरीराने पूर्वीसारखी साथ दिली नाही. २ मार्च २०१४ रोजी आल्मेरियाविरुद्ध त्याने गोल केला; तोच त्याचा अखेरचा अधिकृत सामना ठरला. दोन दिवसांनी त्याने हंगामाअखेर संघ सोडण्याचा मनोदय जाहीर केला. बार्सिलोनाखेरीज अन्य कोणत्याही व्यावसायिक संघाचा पोशाख त्याने अंगावर घातला नाही. त्यानंतर काही काळ तो क्लबच्या क्रीडासंचालकाचा, आंदोनी सुबिसारेताचा, सहायक होता. जानेवारी २०१५ मध्ये सुबिसारेताला पदावरून दूर करण्यात येताच त्यानेही त्या कामाचा राजीनामा दिला.