किरणोपचार आणि स्त्रीची त्वचा



तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला, हे आपल्या शाळेतील लहान मूलही सांगेल. त्याच किल्ल्याच्या सावलीतील, पण कोणत्याही बखरीत न सापडणारी एक हकिकत सांगून मी विषयाला हात घालतो.

१९६३ साली माझी आत्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार घेऊन मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत बोटीने परतली. पदराआडची छातीची कातडी काळवंडलेली होती. ‘मशिनीन भाजली गो ती!’ हे वाक्य घरोघर फिरले. पुढे शेजारच्या एका बाईच्या छातीत गाठ निघाली. आत्याची कातडी पाहिलेली ती बाई मुंबईस गेलीच नाही. दोन वर्षांत वारली. आत्या त्यानंतर कितीतरी वर्षे जगली.

हा भाजण्याचा समज अगदीच निराधार नव्हता. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि त्यांचा उपचारासाठी उपयोग लगोलग सुरू झाला. मात्र किरण मोजावयाचे कसे, हे कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा रुग्णाची कातडीच मोजपट्टी झाली. ती लाल होईल इतकी मात्रा म्हणजे एक माप! ‘राँटगेन’ हे एकक आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाले ते १९२८ साली. पुढेही दीर्घकाळ वापरात असलेल्या दोन-अडीचशे किलोव्होल्टच्या यंत्रांचा सर्वाधिक मारा पृष्ठभागावरच होई. आतील गाठीपर्यंत पुरेसे किरण पोहोचविताना वरची त्वचा सोलवटून निघे, आणि उपचार कोठे थांबवावयाचा हे पुष्कळदा रोगापेक्षा त्वचाच ठरवी.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्यासमोरच्या रस्त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय घराण्यातील शल्यविशारदाचे नाव आहे, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. तेथील प्रयोगशाळेचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर. आडनावातील खानोली आपल्या शेजारच्या वेंगुर्ले तालुक्यातली. धोतर कमरेला घट्ट आवळल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी व सहकाऱ्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. आपल्या माणसांची कातडी आपल्या चालीरीतींसह पाहावयाची, ही ती दृष्टी होय.

ती दृष्टी किरणोपचाराच्या मोजमापात मात्र उशिरा आली. अमेरिकेत तयार होऊन जगभर रूढ झालेल्या श्रेणीत पहिली पायरी ‘फिकट लाली’ ही. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही म्हटले तरी चालेल, ती काळवंडते. गौरवर्णीय स्त्रीची जी ‘लाली’, तीच आमच्या आत्याची ‘जळलेली छाती’ ठरली.

वास्तविक येथे उष्णतेचा संबंधच नाही. त्वचेच्या तळच्या थरात नव्या पेशी सतत जन्मतात; किरणांनी तो जन्म रोडावतो. म्हणून परिणाम पहिल्या दिवशी न दिसता दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, काखेत आणि स्तनाखालच्या घडीत, जेथे घाम व घर्षण असते तेथे, अधिक चिघळतो, आणि उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढून मग बहुधा भरून येतो. लोकांच्या तोंडी असलेला ‘शेक’ हा शब्द, मला वाटते, या गैरसमजाला खतपाणीच घालतो. कोमट पाण्याने अंग धुण्यासही पूर्वी मनाई असे; १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत धुण्याने अपाय न होता उलट खाज कमी झालेली आढळली. उन्हाळ्यात पाण्यावाचून काढलेल्या त्या आठवड्यांचे दुःख आत्या आजारापेक्षा अधिक सांगे.

१९५१ साली कॅनडात कोबाल्ट यंत्रे आली आणि माऱ्याचा जोर कातडीखाली अर्धा सेंटिमीटर सरकला. रेषीय त्वरकांनी तो आणखी खोल नेला. तरीही छातीच्या कातडीतच रोग लपण्याचा धोका असेल, तर ती मुद्दाम माऱ्यात घ्यावी लागते. पाच आठवड्यांत २५ वेळा द्यावयाचे ५० ग्रे आता तीन आठवड्यांत १५ वेळा ४० ग्रे असे देता येतात. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांत रोगाला तितकाच आळा बसून त्वचेचा त्रास कमी झाला. आत्याने त्या काळी परळच्या चाळीत ओळखीच्यांकडे दीड महिना काढला होता. घरी भात लावणीला आला होता, आणि परतल्यावर तिने प्रथम विचारले ते त्या लावणीबद्दल.