टूलकिट (दुचाकी)

दुचाकी वाटेत बंद पडली, चाक पंक्चर झाले किंवा अपघात झाला, तर गॅरेज अथवा दवाखाना गाठेपर्यंत निभावता यावे म्हणून गाडीवर बाळगलेले सामान. कंपनी गाडीसोबत देते त्या छोट्या पिशवीचे हे मूळ नाव. तिच्यात दोनतोंडी पाना, प्लग पाना आणि उलटसुलट बसणारा पेचकस असतो. बोलण्यात मात्र सीटखाली, साइड कव्हरच्या आड किंवा डिकीत कोंबलेल्या सगळ्याच सामानाला टूलकिट म्हणतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड तालुक्यांत हे सामान किती महत्त्वाचे आहे, ते तिथल्या रस्त्यांवरून कळते. शिरूर घोड नदीच्या काठी, पुणे–अहिल्यानगर महामार्गावर आहे. दौंड तालुक्यातून यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा पुणे–सोलापूर महामार्ग जातो. या दोन्ही महामार्गांवर पंक्चरच्या दुकानांना तोटा नाही. अडचण मधल्या पट्ट्यात येते. शिरूरहून न्हावरामार्गे भीमा ओलांडून चौफुल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर आणि उसातून वाड्यावस्त्यांना जाणाऱ्या वाटांवर रात्री दुकान उघडे सापडेलच असे नाही. नेमक्या याच वाटांनी रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतले कामगार पाळी संपवून घरी परततात, पहाटे दूधवाले किटल्या बांधून निघतात आणि अष्टविनायक करणारे रांजणगावहून सिद्धटेक, मोरगावकडे वळतात.

सर्वांत मोठी पीडा पंक्चरची. कोरड्या माळावर आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजलेली आहे; शेताच्या कुंपणालाही बाभळीच्या फांद्या लावतात. त्यांचा काटा टायरमध्ये सरळ घुसतो. ट्यूबलेस टायर असेल तर काटा दिसताच तो उपटू नये, कारण बहुधा तोच भोक बुजवून धरतो. हवा हळूहळू जात असेल तर पुन्हा भरत, सावकाश दुकान गाठता येते. स्वतः काम करायचे तर रबरी स्ट्रिप, भोक साफ करायची टोकदार कानस, स्ट्रिप आत घालायची दाभणासारखी सुई, पक्कड आणि हवा भरायचे साधन एवढे पुरते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आता सीटखाली मावतो. मात्र स्ट्रिप टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातच टिकते. बाजू फाटली तर तिचा उपयोग नाही.

तारांच्या चाकांचे काम वेगळे. तारांच्या भोकांतून हवा निसटते म्हणून साध्या स्पोकच्या रिमला ट्यूब लागते. ट्यूबचे पंक्चर म्हणजे चाक काढणे, लोखंडी पट्ट्यांनी टायर उचकणे, सोल्यूशन आणि पॅच. घाईत पट्टीखाली ट्यूब सापडून दुसरे पंक्चर होते. ज्याने हे काम कधी हाताने केलेले नाही, त्याने पट्ट्यांपेक्षा एक नवी ट्यूब जवळ ठेवावी. ती कोणत्याही गावच्या पंक्चरवाल्याला बसवता येते.

स्कूटरवाल्यांना ही काळजी कमी होती. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकची (1972) पुढची-मागची चाके एकाच मापाची, लहान, त्यामुळे एक जादा चाक गाडीवरच राही. या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे 1904 साली मोटारींसाठी जादा चाक बनवले गेले. मोटरसायकलची चाके मोठी आणि बहुधा पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे, म्हणून तिला स्टेपनी मिळाली नाही.

राजदूत, येझदी यांच्या दिवसांत स्वार अर्धा मेकॅनिक असे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळते, प्लगवर काजळी धरते आणि गाडी बंद पडते. म्हणून जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा खिशात असायचा. टाकी गळू लागली तर अंगाचा साबण भोकात घासून वेळ मारून नेली जाई. या भागात आजही दिसणारी त्या काळची खूण म्हणजे जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. कॅरिअरवर पोते बांधायला, लोंबणारा सायलेन्सर आवळायला, तुटलेला इंडिकेटर जागेवर धरायला तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

क्लच वायर तुटणे हा आजही नेहमीचा प्रसंग. ती बहुधा लिव्हरजवळ, निपलपाशी झिजते. लांबच्या प्रवासाला निघणारे जुन्या वायरच्या बाजूनेच नवी वायर ओढून, बांधून ठेवतात. तुटल्यावर फक्त दोन टोके जोडायची राहतात. चेन लॉक आणि दोन फ्यूज आगपेटीत मावतात. जादा फ्यूज पुष्कळदा फ्यूजच्या डबीतच दिलेला असतो, हे मात्र अनेकांना गाडी ढकलून झाल्यावर कळते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, फ्युएल इंजेक्शन आले आणि रिझर्व्हची चावीही गेली. पेट्रोल पुरवणारा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी तळाला नेऊ नये. बॅटरी पार उतरली तर अशी गाडी ढकलून सुरू होईलच याचा भरवसा नाही. त्यामुळे नव्या गाडीच्या टूलकिटमध्ये पान्यांइतकाच चार्ज केलेला फोन आणि टोचनसाठी मजबूत दोरी महत्त्वाची ठरते.

रात्रीचे सामान वेगळे धरावे. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात. बंद पडलेली दुचाकी तर त्याहून लहान. चमकणारे जाकीट आणि डोक्याला लावायची बॅटरी या दोन वस्तू इथे चैनीच्या नाहीत. शिरूर तालुका वन खात्याच्या जुन्नर विभागात येतो आणि इथल्या उसात बिबट्यांचा वावर आहे. उसाच्या कडेला वाकून, पाठमोरे बसून पंक्चर काढू नये. शक्य तर वस्तीच्या उजेडापर्यंत गाडी ढकलत न्यावी.

सामानात सर्वांत दुर्लक्षित भाग प्रथमोपचाराचा. जाड गॉज, क्रेप बँडेज, कात्री आणि हातमोजे हवेत. वाहते रक्त स्वच्छ कापडाने सतत दाबून थांबवायचे असते. जखमेत हळद किंवा चहापत्ती भरण्याची जुनी सवय खोल जखमेला घातक ठरते. पडलेल्याचा श्वास नीट चालू असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलू देऊ नये. पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक आहेत. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले 134अ कलम सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने जखमीला सोडून जाण्याचे कारण उरलेले नाही.

नव्या गाडीबरोबर मिळालेली प्रथमोपचाराची डबी पुष्कळ घरांत कपाटातच राहते. ती गाडीवर ठेवावी आणि दर उन्हाळ्यानंतर उघडून पाहावी. सीटखालच्या उष्णतेने चिकटपट्टीचा डिंक वाळतो आणि मलमाची मुदत संपलेली असते.