दुखणं जबड्याचं की मनाचं? एका प्रश्नाचा इतिहास

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे सरकतं, तो जबड्याचा सांधा, म्हणजेच टीएमजे. हा सांधा किंवा त्याच्या भोवतीचे चावण्याचे स्नायू दुखणं, जबडा अडकणं, अशा तक्रारींच्या गटाला टीएमडी म्हणतात. तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल, तर विषय कोणताही असो, या आजाराचा इतिहास वाचाच. ‘कारण’ सिद्ध करणं किती अवघड असतं, ते यात स्पष्ट दिसतं.

आपल्या भाषेत जबडा आणि मन यांचं नातं जुनंच आहे. रागाने आपण दात-ओठ खातो, भीतीने दातखिळी बसते. चरकसंहितेत ‘हनुग्रह’ म्हणजे जबडा जखडणं हे वातव्याधींत येतं आणि वात बिघडवणाऱ्या कारणांत चिंता, शोक यांचीही गणना आहे. पण लगेच ‘हनुग्रह म्हणजे टीएमडी’ असं लिहून मोकळे होऊ नका. जबडा धनुर्वातातही जखडतो. जुना शब्द आजच्या निदानाला चिकटवायचा नसतो.

आधुनिक कथा सुरू होते 1934 मध्ये. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 11 रुग्णांवरून एक मांडणी केली: दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि त्यामुळे कान, डोकं दुखतं. फक्त 11 रुग्ण, तुलनेला कोणी नाही! तरी ‘कॉस्टेन सिंड्रोम’ हे नाव रूढ झालं. 1948 मध्ये शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिचर यांनी दाखवलं की सांध्याची रचना पाहता असा दाब पडणं पटत नाही. पण दातांची ठेवण सुधारण्यासाठी दात घासून कमी करणं चालूच राहिलं. का? रुग्णांना बरं वाटत होतं म्हणून.

पुढे लक्ष सांध्यावरून स्नायूंकडे गेलं. 1969 मध्ये डॅनियल लॅस्किन यांनी मांडलं की मानसिक ताणामुळे माणूस नकळत दात आवळतो, स्नायू थकतात आणि दुखतात. मग 1976 मध्ये गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. 25 रुग्णांवर दात घासण्याचं नुसतं नाटक केलं, दातांची ठेवण बदललीच नाही. तरी 16 जणांचा त्रास जवळपास किंवा पूर्ण गेला!

इथे जरा थांबा, कारण दोन्ही बाजूंनी घसरायची जागा हीच आहे. या प्रयोगातून एवढंच कळतं की उपचारानंतर बरं वाटलं म्हणजे त्यामागचा सिद्धांत खरा ठरत नाही. ‘दुखणं खोटं होतं, मनाचे खेळ होते’ हे त्यातून अजिबात सिद्ध होत नाही. खोट्या उपचारानेही खरं दुखणं कमी होऊ शकतं. हा फरक विसरला की रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकावं लागतं.

1992 मध्ये ड्वॉर्किन आणि लेरेश यांनी निदानाचे दोन अक्ष ठरवले. पहिल्यावर सांधा आणि स्नायू, दुसऱ्यावर वेदनेमुळे कामात येणारा अडथळा, नैराश्य आणि इतर मानसिक त्रास. 2014 च्या सुधारित निकषांतही हे दोन अक्ष कायम आहेत. ‘शरीर की मन’ यातला ‘की’ जाऊन तिथे ‘आणि’ आला.

तरी एक प्रश्न उरलाच: ताणामुळे दुखतं, की दुखण्यामुळे ताण येतो? आजारी माणसाला एकदाच तपासून हे कळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ‘ऑपेरा’ अभ्यासात टीएमडी नसलेल्या 2,737 जणांची आधीच तपासणी केली आणि मग काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला. 260 जणांना त्रास सुरू झाला. 2013 च्या निष्कर्षांनुसार ज्यांना आधीपासून शरीरभर बारीकसारीक तक्रारी आणि जास्त ताण होता, त्यांच्यात धोका जास्त होता. म्हणजे ताण आधीही असू शकतो. पण तो एकटा गुन्हेगार नाही. अंगात इतरत्र असलेली दुखणी, जबड्याला झालेली इजा यांचाही वाटा दिसला.

आता आपल्या नामपूरकडे या. मोसम नदीच्या या भागात घराघरांत अहिराणी बोलतात. दुसऱ्या अक्षाची प्रश्नावली पुस्तकी मराठीत वाचून दाखवली, तर शेतावरून आलेल्या आजीला ‘निराश वाटतं का?’ हा प्रश्न तुमच्या मनात आहे तसाच कळेल का? ‘डोकं जड झालंय’, ‘जीव लागत नाही’ असं ती म्हणाली, तर कोणत्या रकान्यात खूण कराल? नुसतं भाषांतर पुरत नाही. ते उलटं मूळ भाषेत करून ताडून बघावं लागतं, आणि मग गावातल्या माणसांसोबत बसून तपासावं लागतं.

विषय शोधत असाल, तर इथे एक तयार आहे. मशीन लागत नाही. ऐकून घ्यायची तयारी आणि एथिक्स कमिटीची परवानगी मात्र लागते.