गृहीत निरोगी: नियम 5 वरील भाष्य

हा नियम सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या 1982 च्या पात्रता नियमांतला; 2008 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. ओळी तीनच, पण सावकाश वाच.

सेवेत येताना जवान शरीराने व मनाने निरोगी होता असे गृहीत धरावे;

'गृहीत धरावे' म्हणजे त्याला सिद्ध करायला लावू नये. तो खरोखर निरोगी होता, असे नियम म्हणत नाही. भरतीच्या वेळी डॉक्टर छाती फुगवायला लावतो, कानात डोकावतो, रंगीत ठिपक्यांतला आकडा विचारतो. यात मिरगी कशी दिसणार? पण तपासणी सरकारची होती. याचा अर्थ, तिच्यातून जे निसटले त्याचा जाब जवानाला विचारायचा नाही.

प्रवेशावेळी टिपलेले वा नोंदलेले शारीरिक दोष सोडून.

'टिपलेले' म्हणजे त्याच वेळी, कागदावर. मागाहून आठवलेले नव्हे. रकाना कोरा, तर कोराच वाचायचा. आता एक पेच. वर शरीर आणि मन दोन्ही आहेत, अपवादात मात्र शरीरच. कोणी म्हणेल, मसुदा करणाऱ्याची नजरचूक. मला पटत नाही. अपवाद शब्दांपलीकडे ताणू नये. मनाचे गृहीत अभंग ठेवावे.

पुढे वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त केल्यास, प्रकृतीतला बिघाड सेवेमुळे झाला असे धरावे.

'सेवामुक्त केल्यास' ही अट आहे. नुसती मेडिकल कॅटेगरी उतरली, म्हणजे शेप-वन ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी गेली, तर बढती अडू शकते. पण हा नियम जागा होतो तो जवान बोर्ड आउट झाल्यावर, म्हणजे वैद्यकीय मंडळाने त्याला घरी पाठवल्यावर.

मग सरकारला वाटच नाही का? आहे, नियम 14(ब) मध्ये. रोग प्रवेशावेळी कळण्यासारखा नव्हता, असे वैद्यकीय मत असेल तर गृहीत मोडते. मात्र 'कारणे नमूद करून'. सगळा भार या तीन शब्दांवर आहे. धरमवीर सिंग या जवानाचे प्रकरण पाहा. 1985 साली भरती, फिट्स, 20 टक्के अपंगत्व, 1994 मध्ये घरी. वैद्यकीय मंडळाने आजार प्रकृतिगत ठरवला, 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारला, पण का ते लिहिले नाही. भरतीच्या कागदावरही आजाराची नोंद नव्हती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन देण्याचा आदेश दिला.

आता नियम 9 उघड. तिथे वाजवी संशयाचा फायदाही दावेदारालाच दिला आहे.