गागोद्याहून रोमच्या शोधात

माझा पुतण्या जर्मनीत शिकतो. मागे एकदा शनिवार-रविवारची सुट्टी साधून तो ट्रिअर नावाचे जुने शहर पाहून आला, आणि गणपतीला गागोदे बुद्रुकला आला तेव्हा ओटीवर बसून त्याने आम्हांला तिथली छायाचित्रे दाखविली. मोझेल नदीच्या काठी हे शहर ऑगस्टस बादशहाच्या काळी वसले. तिथली ‘पोर्टा निग्रा’, म्हणजे काळी वेस, इ. स. १७० च्या सुमाराची. दगडांत चुना नाही, नुसत्या लोखंडी पट्ट्यांनी सांधलेले. पुढच्या लोकांनी ते लोखंडसुद्धा उपटून नेले. तरी वेस उभी. कारण अकराव्या शतकात सिमिऑन नावाचा एक ग्रीक साधू तिच्यात येऊन राहिला, १०३५ साली वारला, आणि वेशीचे चर्च झाले. देवाचे नाव लागले की दगड वाचतात, हा अनुभव आपल्याकडचाही आहे. नदीवरच्या पुलाचे रोमन खांब तर आजही मोटारींचा भार वाहतात.

“काका, आपल्याकडे असं काही आहे का हो?” त्याने विचारले.

“विनोबांचं घर आहे की!” आई माजघरातून म्हणाली. तिचे काय चुकले? विनोबा १८९५ साली आमच्या गावात जन्मले, आणि ट्रिअरमध्ये १८१८ साली जन्मला कार्ल मार्क्स. पण प्रश्न रोमनांचा होता. मी म्हटले, “शनिवारी चौलला जाऊ.”

पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग करीत आम्ही चौलला पोहोचलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि पुढे रेवदंड्याची खाडी. तटाची पडकी भिंत दिसताच पुतण्या हरखला. मला सांगावे लागले, “अरे, ही पोर्तुगिजांची. रोमनांनंतर हजार-बाराशे वर्षांनी आलेली.”

मग रोम कुठे आहे? आधी नावात आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात कल्याणच्या दक्षिणेचे बंदर म्हणून ‘सेमिला’ येते. दुसऱ्या शतकातला टॉलेमी ‘सिमिला’ लिहितो आणि वर सांगतो की तिथले लोक तिला ‘तिमुला’ म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखात हेच गाव ‘चेमुल’ आहे. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाने आमच्या किनाऱ्यावरच्या उच्चाराची चौकशी करावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि दुसरे म्हणजे जमिनीखाली. या शतकाच्या आरंभी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीच्या खुणा मिळाल्या. आपल्या किनाऱ्यावर अशा ठिकाणी परदेशी रांजणांची खापरे मिळतात. त्यांच्याविषयी एक कबुली द्यायला हवी. वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो की ही खापरे रोमन मद्याच्या ‘अँफोरा’ कुंभांची. परंतु रोबर्टा टोंबर या विदुषीने भारतातली अशी खापरे पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली पुष्कळशी मेसोपोटेमिया-इराणकडच्या, आतून डांबर दिलेल्या लांबट रांजणांची निघाली. अँफोराला दोन कान असतात, या रांजणाला नसतात. पण हातात येतो तो पोटाचा तुकडा, त्याला कान कुठून असणार! म्हणजे रोमन म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेला माल निम्मा बसऱ्याकडचा. पुतण्याला हे ऐकून वाईट वाटले. मला वाटले नाही. आपल्या बंदरात एकच गिऱ्हाईक येत नव्हते, एवढे त्यावरून कळले.

रोमन माल आलाच नाही असे मात्र नव्हे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आणि प्लिनी तर रडतच होता, की हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी आमचे दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात. ट्रिअरला रोमन आला तो राज्य करायला. त्याने वेस बांधली, हमामखाने बांधले. आपल्याकडे तो आला खरेदीला. गिऱ्हाईक दुकानासमोर वेस बांधीत नाही.

रविवारी खोपोलीवरून बोरघाट चढून कार्ले गाठले. चैत्यगृहात शिरताना उन्हाचा एकदम विसर पडतो. तिथल्या काही खांबांवर ब्राह्मी लेख आहेत: धेनुकाकटच्या अमुक यवनाने हा खांब दिला. एकाचे नाव सिहधय. मी बोटाने अक्षरे दाखवीत ‘य-व-न’ वाचून दाखविले.

“म्हणजे हा ग्रीक?”

“काही पंडित म्हणतात ग्रीक, बौद्ध होऊन देशी नाव घेतलेला. काही म्हणतात, यवनांशी व्यापार करणारा इथलाच कुणी. नाव तरी आपल्याकडचं आहे.”

तो खांबाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने छायाचित्र काढले, खांबाचे नव्हे, नुसत्या त्या तीन अक्षरांचे.