पर्यायी बोअर, मध्यम सावजासाठी

चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, नीलगाय (रोही) अशा मध्यम आकाराच्या जनावरांच्या शिकारीसाठी, लष्करी किंवा मनाई असलेल्या बोअरऐवजी निवडलेला रायफलचा बोअर. भारतात ही निवड जनावराच्या अंगलटीपेक्षा परवान्यातल्या शब्दांवर आणि बाजारात मिळणाऱ्या काडतुसांवर ठरत गेली. प्रस्तुत नोंदीत मुंबई इलाखा व नंतरचा महाराष्ट्र, आणि त्यातही साष्टी बेटावरील पवई–विहार पट्टा विचारात घेतला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हौसेची शिकार आता बेकायदा असल्याने नोंदीचा बराचसा भाग इतिहासाचा आहे.

सावज : भेकराचे वजन २० ते ३० किलो, चितळ नराचे ७० ते ९० किलो, तर मोठ्या सांबर नराचे अडीचशे किलोपर्यंत भरते. रोही नर साधारण सांबराच्याच तोलाचा. रानडुक्कर यांच्या मधले. पण पुऱ्या वाढलेल्या नराच्या खांद्यावरचे जाड कातडे आणि चरबीचा थर यांमुळे हलकी गोळी वरच्या वर अडकण्याचा संभव असतो. ‘मध्यम’ या एका सदरात मावणाऱ्या जनावरांच्या वजनात असा आठ-दहा पट फरक असल्याने एकच बोअर सर्वांना सारखाच योग्य ठरणे कठीण.

मनाईचा इतिहास : इंग्रज सरकारने लष्करी काडतूस खासगी हातांत पडू नये हे धोरण ठेवले. .५७७/४५० मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती असल्याने, त्यांना उपयोगी पडेल अशा भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. लंडन व बर्मिंगहॅमच्या बंदूककारांना हिंदुस्थानची गिऱ्हाइकी गमवायची नव्हती. त्यांनी काही वर्षांतच .४७०, .५००/४६५, .४७६ वेस्टली रिचर्ड्‌स आणि .४७५ क्रमांक २ ही पर्यायी काडतुसे बाजारात आणली. ताकदीत ती मूळ .४५० च्याच पंक्तीची होती; बदलला होता तो नळीचा व्यास. ही सारी हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी. मध्यम सावजाच्या वर्गात हीच गोष्ट .३०३ च्या बाबतीत घडली. ते सैन्याचे काडतूस असल्याने हिंदुस्थानातील खासगी शिकाऱ्याला दुसरे काही शोधणे भाग पडले.

स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, १९६२ यांनी हेच धोरण पुढे चालवले. १९६२ च्या नियमांतील पहिल्या अनुसूचीनुसार .३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरच्या, अथवा त्या बोअरचे लष्करी काडतूस ज्यांत बसून उडू शकते अशा, बोल्ट व अर्धस्वयंचलित रायफली मनाईच्या वर्गात गेल्या. .४१० मस्केटही त्याच वर्गात होती. कसोटी गोळीच्या मारकतेची नसून लष्करी काडतूस नळीत बसते की नाही, ही होती. त्यामुळे .३०३ पेक्षा ताकदवान .३०-०६ आणि .३७५ परवान्यावर मिळू शकत, .३०३ मात्र नाही.

पर्यायी काडतुसे : मध्यम सावजासाठी चलनात असलेल्यांपैकी प्रमुख अशी.

(१) .२७५ रिग्बी – जर्मन ७×५७ मिमी माउझरचेच इंग्रजी नाव. १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅम) गोळी, दणका कमी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना मिळालेली रायफल याच बोअरची. त्या उदाहरणावरून ती वाघासाठीही पुरेशी, असा समज पसरला. मात्र कॉर्बेट यांची नेमबाजी आणि अंतराचा अंदाज सर्वसामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यातले नव्हते.

(२) .३१८ वेस्टली रिचर्ड्‌स (१९१०) – नाव .३१८ असले तरी गोळीचा व्यास .३३० इंच. सांबर व रोही यांसाठी प्रशंसित.

(३) .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम (१९१२) – २३५, २७० व ३०० ग्रेनच्या गोळ्या. एकच रायफल घेण्याची ऐपत असणाऱ्यांची पसंती. भेकरासाठी मात्र अतिरेकी.

(४) .३०-०६ – अमेरिकन लष्कराचे १९०६ चे काडतूस. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. अमेरिकेत लष्करी असूनही भारतात परवानायोग्य. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात या बोअरची स्पोर्टिंग रायफल तयार होते.

(५) .३१५ – खाली पहा.

.३१५ बोअर : महाराष्ट्रात परवान्यावरची रायफल म्हटले की बहुधा हीच. तिचे काडतूस म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे ८×५० मिमी मानलिखर. ८ मिलिमीटरचे इंचांत रूपांतर केले की .३१५ येते, हा आकडा नळीतील खाचा कोरण्यापूर्वीच्या छिद्राचा आहे, गोळी प्रत्यक्षात .३२३ इंचांची असते. गोळी २४४ ग्रेनची (सुमारे १५.८ ग्रॅम), मूळ भारणीत वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर, म्हणजे नळीच्या तोंडाशी ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या आसपास. आजच्या मानाने गोळी जड आणि संथ. शंभर-दीडशे मीटरांपर्यंत सांबर व डुकराला ती पुरेशी; त्यापुढे गोळीचा मार्ग झपाट्याने खाली येतो आणि अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकतो.

हे काडतूस हिंदुस्थानात रुजले ते गुणांपेक्षा सोयीमुळे. त्याला .३०३ प्रमाणेच बुडाशी कडा असल्याने ली-एनफिल्ड या .३०३ च्या लष्करी रायफलच्या यंत्रणेत ते फारसा फेरफार न करता बसते. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने इकडच्या बाजारासाठी ली-यंत्रणेच्या ८ मिमी स्पोर्टिंग रायफली बनवल्या. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या इशापूर कारखान्याकडे ली-एनफिल्डची यंत्रे व कारागीर होतेच. तेथे पाच गोळ्यांच्या मॅगझिनची .३१५ स्पोर्टिंग रायफल तयार होऊ लागली. काडतुसांचा पुरवठा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून (स्थापना १८६९). १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळपास थांबली. जुन्या .२७५ आणि .३१८ धारकांची काडतुसे संपत गेली, तशी त्यांची रायफल असून नसल्यासारखी झाली. .३१५ धारकाला ही अडचण नव्हती. आजचा तिचा व्यापक वापर या एका कारणाने समजतो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची सात कंपन्यांत विभागणी झाल्यावर इशापूर व खडकी हे कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले.

गोळी व दारू : मऊ नाकाची गोळी अंगात फुलते आणि जखम रुंद करते, संपूर्ण कवचाची गोळी आरपार जाते. मध्यम सावजासाठी पहिली योग्य मानली जाते, कारण आरपार गेलेली गोळी मागच्या जनावराला किंवा हाकाऱ्याला लागू शकते. कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढत असल्याने इंग्रज कारखाने उष्ण प्रदेशांसाठी कमी भारणीची काडतुसे वेगळी काढीत. कडेचे काडतूस उन्हात तापलेल्या नळीतूनही सहज निघते, हेही हिंदुस्थानातील त्याच्या पसंतीचे एक कारण.

दुर्बिणी : १९५० पूर्वी विरळ.

छऱ्याची बंदूक : कोकण व साष्टीत बहुतेक शिकार रायफलने झालीच नाही. भेकर आणि डुकरासाठी बारा बोअरची बंदूक व मोठ्या छऱ्यांचे एल.जी. किंवा त्याहून बारीक एस.जी. काडतूस वापरले जाई. गावोगावी ठासणीच्या बंदुकाही होत्या. छऱ्यांचा भरवशाचा पल्ला चाळीस मीटरांच्या आतबाहेरचा; त्यापुढे जनावर जखमी होऊन निसटते. नळीच्या टोकापाशी तेवढ्या खाचा असलेली ‘पॅराडॉक्स’ बंदूक (१८८०–९० चे दशक) हा बंदूक आणि रायफल यांमधला मार्ग; सधन शिकाऱ्यांपुरता मर्यादित.

पवई व साष्टी : विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई (सुमारे १८९१) या तलावांभोवतीच्या टेकड्यांत बिबळ्या, चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर यांची वस्ती होती. १९२९ मध्ये विहार परिसरात वाघ मारला गेल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे. रायफलच्या दृष्टीने हा मुलूख अडचणीचा. झाडी दाट, दृष्टीचा पल्ला पन्नास-साठ मीटर, आणि पाडे, गुरे व तलावाचे कामगार सर्वत्र. रायफलची गोळी तीन किलोमीटरांहून अधिक जाऊ शकते, म्हणून मचाणावरून खालच्या दिशेने झाडणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार होता. सपाटीवरच्या हाक्यात बारा बोअरच शहाणपणाची.  १९५८ मध्ये पवईत आयआयटीची स्थापना झाली आणि पुढे आसपास वसाहती वाढल्या. उत्तरेकडचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. बंदूक गेल्यावरही चोरटी शिकार संपली नाही. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत बिबळे अडकल्याच्या घटना या पट्ट्यात घडल्या आहेत.

१९७२ नंतर : मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत. १९७२ च्या अधिनियमाच्या कलम ९ ने शिकारीवर निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण मनाई केली. कलम ११ खाली ठरावीक परिस्थितीत वनाधिकारी परवानगी देऊ शकतात. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे व रोही यांच्याबाबत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये निर्णय काढून ही परवानगी सुलभ केली. चंद्रपूर जिल्ह्यात त्यानंतर मारलेल्या डुकरांवरून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्र्यांतच जाहीर मतभेद झाले. अशा परवानगीखाली शेतकऱ्याच्या हाती जे असते ते बारा बोअर किंवा .३१५. रोह्यासाठी बारा बोअर अपुरी असल्याने जखमी जनावर निसटण्याचा प्रश्न उरतोच. बोअर कोणता असावा याचा निकष शासनाने जनावराप्रमाणे ठरवून द्यावा, असे तज्ज्ञांचे मत. प्राणिमित्र संघटना मुळात परवानगीच नको म्हणतात. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. पीकरक्षणासाठी बारा बोअर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे रायफलसाठी एकच जागा उरते, आणि ती जवळपास नेहमी .३१५ लाच जाते.